आकडा लहान आहे तोवर

वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी) या गावात मुलांच्या लठ्ठपणाचा विषय काढला, तर समोरून पहिला प्रश्न हाच येईल की, ज्या भागात अजून कितीतरी मुलांच्या बरगड्या मोजता येतात तिथे ही चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला आकड्यांचा आधारही आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाने वर्धा जिल्ह्यातील तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात 764 किशोरवयीन मुलामुलींची उंची आणि वजने तपासली होती. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 53.8 टक्के मुले कृश आढळली, 44 टक्के सर्वसाधारण आणि जादा वजनाची अवघी 2.2 टक्के. निम्म्याहून अधिक मुले हडकुळी असलेल्या मुलखात लठ्ठपणाची काळजी करणे ही शहरी चैन आहे, असे कोणी म्हटले तर त्याला एका वाक्यात गप्प करता येणार नाही.

दोन वर्षांनी, 2008 मध्ये, त्याच विभागाचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो वर्धा शहराचा होता. शहरातील सर्व 31 शाळांमधून पाचवी ते दहावीची मुले निवडून तपासली, तेव्हा 3.1 टक्के मुले जादा वजनाची आणि 1.2 टक्के लठ्ठ निघाली. दोन्ही मिळून 4.3 टक्के. त्या काळात मोठ्या शहरांतल्या खासगी शाळांमधून येणाऱ्या आकड्यांपुढे हा आकडा किरकोळच होता. संशोधकांनी मात्र पुढचा प्रश्न विचारला: ही मुले कोणती? उत्तर स्पष्ट मिळाले. शहरात राहणारी, आई किंवा वडील नोकरी-व्यवसायात असलेली, इंग्रजी माध्यमात शिकणारी आणि दिवसातून अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ मैदानावर खेळणारी.

यांतली पहिली सोडली, तर बाकीच्या तिन्ही गोष्टींना आज शहराची वेस राहिलेली नाही. मोठ्या गावांतून सकाळी कॉन्व्हेंटची व्हॅन निघते आणि ज्या मुलाचे पाय शाळेपर्यंत चालत जायचे ते आता गाडीत बसून जाते. दुपारनंतरची शिकवणी आणि हातातला मोबाइल मिळून संध्याकाळचे मैदान खातात. पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट ज्या दुकानात लटकत नाही असे किराणा दुकान आता शोधावे लागेल. वर्धा शहरातल्या तेव्हाच्या चार टक्के मुलांची दिनचर्या आज खेड्यात पोहोचली आहे. वजन तिच्या मागोमाग काही वर्षांनी येते, म्हणून तराजूवर ते दिसण्याची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

राज्याचे आकडेही याच दिशेने बोट दाखवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण 2015-16 मध्ये 1.9 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 4.1 टक्के झाले. चार-पाच वर्षांत दुपटीहून अधिक. पण त्याच तक्त्यातली दुसरी ओळ वाचल्याशिवाय हा आकडा कोणीही वापरू नये. त्याच काळात वयाच्या मानाने उंची खुरटलेल्या मुलांचे प्रमाण 34.4 टक्क्यांवरून 35.2 टक्क्यांवर गेले. म्हणजे एका बाजूचे कुपोषण संपून दुसरीकडचे सुरू झाले, असे घडलेले नाही. दोन्ही एकाच राज्यात, एकाच गावात, आणि पुष्कळदा एकाच घरात राहतात. आई रक्तक्षयाने पांढरीफटक, धाकटे मूल अंगणवाडीच्या तक्त्यात कमी वजनाचे आणि थोरल्याच्या पोटावर वळ्या, हे चित्र आता अपवाद म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

दोन्ही प्रश्न एकाच मुळाचे कसे, हे समजावून सांगणारे जगातले एक महत्त्वाचे काम महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलो होते. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. आपले बाळ सर्वच बाबतींत लहान असणार असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी तेवढी घटलेली नव्हती. वजनाला हलके, तरीही प्रमाणाने चरबी जास्त. ही ठेवण घेऊन जन्मलेले मूल पुढे गोड, तळलेले आणि मैद्याचे पदार्थ खाऊन झपाट्याने वजन धरू लागले, की मधुमेह आणि हृदयविकार त्याला परदेशी मुलाच्या आधी आणि कमी वजनावर गाठतात.

याचा पडताळा राष्ट्रीय पातळीवर मिळाला आहे. 2016-18 च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वर्षांच्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा कृश होता, जादा वजनाची मुले जेमतेम पाच टक्के होती, आणि तरीही सुमारे दहा टक्के मुलांच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर पोहोचली होती. जितकी मुले जाड दिसतात, त्याच्या जवळपास दुप्पट मुलांची साखर बिघडलेली. तेव्हा आंजीसारख्या गावात ‘आमच्याकडे लठ्ठ मुले आहेतच किती’ असे विचारून विषय मिटवता येत नाही. नजरेला दिसणारा लठ्ठपणा हा त्या बिघाडाचा फक्त वरचा भाग आहे.

यातून सार्वजनिक धोरणासाठी पहिला निष्कर्ष निघतो आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मुलांचा लठ्ठपणा रोखण्याचे काम मुलीच्या लग्नाच्या वयापासून, गरोदरपणातील तिच्या ताटापासून आणि तिच्या रक्तातील लोहापासून सुरू होते. कुपोषणाचा निधी काढून लठ्ठपणाच्या मोहिमेला देणे ही घोडचूक ठरेल. तशीच दुसरी चूक म्हणजे खुरटलेल्या मुलाचे वजन कसेही करून वाढवणे. साखर आणि पामतेलाने भरलेले किलो तक्त्यात चांगले दिसतात. ते स्नायूंचे नसतात. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, पालेभाजी यांनी भरलेले किलो हवे असतात, आणि ते हळूहळू येतात.

हे ओळखायचे तर मोजमाप नीट हवे. वर्षानुवर्षे अंगणवाडीत वयानुसार वजन पाहिले जाई. या पद्धतीत एक मोठी फट आहे. उंचीने खुरटलेले मूल थोडे जाड झाले, तर त्याचे वजन वयाला बरोबर दिसते आणि ते हिरव्या पट्ट्यात जाऊन बसते. 2018 मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानात अंगणवाड्यांना उंची मोजण्याची साधने दिली गेली आणि उंचीनुसार वजनाच्या नोंदी मोबाइलवर होऊ लागल्या, ही मोठी सुधारणा होय. एप्रिल 2025 च्या पोषण पंधरवड्यात बालकांच्या लठ्ठपणाचा विषय प्रथमच ठळकपणे घेतला गेला, हेही स्वागतार्ह. मात्र अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर नोंदींचा एवढा भार आहे की उंची काळजीपूर्वक मोजायला तिला उसंत मिळत नाही. दोन सेंटिमीटरची चूक झाली तरी मुलाचा गट बदलतो. पुढे सहाव्या वर्षी मूल शाळेत गेले की ही महिन्याची नोंद थांबते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, शाळेत एकदाच. नेमक्या ज्या वयात वजन वाढू लागते, त्या वयात सरकारी नजर विरळ होते.

मोजण्याबरोबर वागण्याची रीतही बदलायला हवी. आपल्याकडे गुटगुटीत बाळ म्हणजे सुदृढ बाळ ही समजूत खोल रुजली आहे. सुदृढ बालक स्पर्धांनी ती वर्षानुवर्षे पोसली. आजी-आजोबांनी भुकेचे दिवस पाहिलेले असतात, म्हणून नातवाच्या गालावरचे मांस त्यांना समाधान देते. त्या समाधानाला हसण्याचे कारण नाही. पण तेच मूल सातवी-आठवीत पोहोचले की वर्गात त्याला चिडवणे सुरू होते. वर्गासमोर वजनकाट्यावर उभे करून आकडा मोठ्याने वाचला जातो, आणि मूल मैदानावर जाणेच सोडते. आजाराची लाज वाटू लागली तर तो लपवला जातो. शाळेतले वजन आडोशाला, एकेकट्याचे घ्यावे आणि नोंद फक्त पालकांच्या हाती द्यावी. एवढ्याला कोणत्याही निधीची गरज नाही.

आता ताटाकडे वळू. वऱ्हाड-वर्ध्याच्या शेतकरी घरातले रोजचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची किंवा चवळीची भाजी, जवसाची चटणी. गेल्या तीन-चार दशकांत विदर्भाच्या शिवारातून ज्वारी मागे हटली आणि सोयाबीन पसरले. ज्वारीला भाव नाही, पाखरांचा त्रास, राखणीला माणूस मिळत नाही. शेतकऱ्याने हिशेब केला आणि तो चुकीचा नव्हता. पण त्यामुळे घरात पिकणारे धान्य घरातून गेले. सोयाबीन बाजार समितीत जाते आणि तेलाच्या पाकिटातून परत येते. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, म्हणून ताटात पोळी-भात आले. मुलाच्या दोन जेवणांच्या मधल्या भुकेला पूर्वी फुटाणे, मुरमुरे, गूळ-शेंगदाणे, हंगामात हुरडा, बोरे, चिंचा होत्या. ती जागा पाकिटाने घेतली.

या जिल्ह्याला या विषयाचा स्वतःचा वारसा आहे. 1934 च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम उभे केले. हातसडीचा तांदूळ, लाकडी घाण्याचे तेल, साखरेऐवजी गूळ यांचा आग्रह तिथून धरला गेला, तो गावाच्या रोजगारासाठी आणि गावाच्या पोषणासाठीही. पॉलिश केलेल्या तांदळातून कोंड्याबरोबर जीवनसत्त्वे जातात, हे तेव्हा मगनवाडीत आवर्जून सांगितले जात होते. त्या विचारातले सगळे आज जसेच्या तसे चालणार नाही. पण अन्न गावात पिकते, गावात दळले जाते आणि गावात खाल्ले जाते तेव्हा मुलाच्या ताटावर घराचा ताबा राहतो, हे त्यातले मर्म आजही खरे आहे.

पाकिटाशी लढायचे तर किमतीकडे पाहावे लागेल, कारण मूल पोषणमूल्य पाहून नव्हे तर हातातल्या नाण्याकडे पाहून खरेदी करते. 22 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांत साखरयुक्त शीतपेये 40 टक्क्यांच्या गटात ठेवली गेली, हे योग्यच झाले. एका लहान 250 मिलीलिटरच्या बाटलीत साधारण 25 ग्रॅम साखर असते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेने एका माणसाला दिवसभरासाठी घालून दिलेली मर्यादा तेवढीच आहे. पण त्याच दिवशी बिस्किटे, चॉकलेट, आइस्क्रीम, नमकीन, नूडल्स यांवरचा कर 18 किंवा 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. सर्वसामान्य घराचा खर्च हलका व्हावा हा हेतू समजण्यासारखा आहे. तरीही साखर, मीठ आणि चरबीच्या प्रमाणानुसार या वस्तूंत भेद करायला हवा होता. ज्या मालाविरुद्ध शाळेत फलक लावायचे, तोच करातून स्वस्त करायचा, हे एकमेकांना छेद देणारे धोरण आहे.

किमतीचा आणि वेष्टनाचा परिणाम होतो हे इतर देशांनी दाखवले आहे. मेक्सिकोने 2014 मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. पहिल्या दोन वर्षांत त्यांची खरेदी सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास घटली. चिलीने 2016 मध्ये साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापणे सक्तीचे केले, मुलांना भुलवणारी चित्रे वेष्टनावरून काढायला लावली आणि असे पदार्थ शाळांत विकायला बंदी केली. आपल्याकडे पाकिटाच्या दर्शनी भागावर इशारा असावा की चांगुलपणाचे तारे, यावर अनेक वर्षे वाद चालला. आमचे मत स्पष्ट आहे: चिप्सच्या पाकिटाला दोन तारे मिळाले तर आई ते कौतुकाचे चिन्ह समजेल. इशारा हा इशाऱ्यासारखाच दिसला पाहिजे.

कायदा मात्र आपल्याकडे आधीच आहे. महाराष्ट्र शासनाने मे 2017 मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, शीतपेये, नूडल्स, पिझ्झा-बर्गर, केक यांसारखे पदार्थ हद्दपार केले. पुढे दिल्ली उच्च न्यायालयातील जनहित याचिकेतून वाट काढत केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2020 मध्ये नियम केले आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत असे पदार्थ विकण्यास मनाई झाली. हा नियम शहरातल्या शाळेचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेला उपाहारगृह नसते. फाटकासमोरचे किराणा दुकान हेच तिचे उपाहारगृह. तो दुकानदार गावातलाच, त्याचा संसार त्या पाकिटांच्या माळांवर काही अंशी चालतो. अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक रोज प्रत्येक गावात पोहोचू शकत नाही आणि दंडाची पावती फाडून गावात वैर वाढेल, सवय बदलणार नाही. ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समितीने दुकानदाराला बोलावून बसवावे. शाळेच्या वेळेत पाकिटे आत ठेवायची आणि दर्शनी भागात चिक्की, फुटाणे, केळी, मुरमुऱ्याचे लाडू मांडायचे, असे ठरवावे. बचत गटांनी हा माल पुरवला तर दुकानदाराचा गल्लाही रिकामा राहणार नाही.

शाळेतल्या दुपारच्या जेवणाला आपण पुरेसा मान देत नाही. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिने द्यायची आहेत. पोट डाळ-भाजीने नीट भरले तर मधल्या सुटीत पाकिटाकडे हात कमी वळतो. राज्याने 2023 मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळी, देणे सुरू केले होते. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवला. हा निर्णय मागे घ्यावा. हडकुळ्या मुलाला स्नायू देणारे आणि जाड मुलाला साखरेपासून दूर ठेवणारे, दोघांनाही सारखेच उपयोगी असे याहून स्वस्त अन्न दुसरे नाही.

सेवाग्रामने याच्या पुढची पायरी फार पूर्वी दाखवली. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची मांडणी झाली आणि मुलांनी शेतात, स्वयंपाकघरात, चरख्यावर काम करत शिकावे हा विचार शाळेत उतरला. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुले बागेत राबतात, स्वयंपाकाला हात लावतात आणि त्यातून गणित, विज्ञान शिकतात. ज्या मुलाने पालक पेरला, निंदला आणि खुडला, ते मूल पालकाच्या भाजीला सहसा नाक मुरडत नाही. आणि वाफ्यात कुदळ चालवताना घामही येतो. शाळांच्या परसबागा शासनाच्या योजनेत आहेतच. स्पर्धेच्या छायाचित्रापुरत्या न राहता त्या अभ्यासक्रमात आल्या, तर आंजी परिसरातल्या शाळांना हे नवे वाटणार नाही. हा त्यांच्याच जिल्ह्याचा विचार आहे.

मैदानाचा विषय थोडक्यात आटोपण्यासारखा नाही, पण त्यात गुंतागुंत कमी आहे. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटांची दमवणारी हालचाल सांगते. वर्ध्याच्या अभ्यासात 30 मिनिटांचाच फरक निर्णायक ठरला होता. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान सक्तीचे केले, तरी कागदावरचे मैदान आणि खेळण्याजोगे मैदान यांत अंतर असते. खेळाचा तास बुडवून तिथे गणित घेण्याची सवय मोडावी लागेल. मुलींचा प्रश्न वेगळा आहे. बारा-तेराव्या वर्षी त्यांचे खेळणे एकदम थांबते. घरकाम, लाज आणि सुरक्षिततेची भीती ही तिन्ही कारणे त्यामागे आहेत. खो-खो आणि कबड्डीला मैदानाचा एक तुकडा आणि एक शिक्षिका पुरते. संध्याकाळी तो तुकडा मुलींसाठी राखून ठेवणे ग्रामसभेच्या हातात आहे.

हे सारे आंजीत होऊ शकेल का, अशी शंका घेण्याचे कारण नाही, कारण याहून अवघड काम आंजीत झालेले आहे. सेवाग्रामच्या संस्थेने आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या 23 गावांत किशोरी मुलींबरोबर मासिक पाळीच्या स्वच्छतेवर काम केले होते. ज्या विषयावर घरातही बोलले जात नव्हते, त्यावर गावागावांत मुलींचे गट बसले. तीन वर्षांत पाळी येण्याआधीच तिची माहिती असलेल्या मुलींचे प्रमाण 35 टक्क्यांवरून 55 टक्क्यांवर गेले, तयार पॅड वापरणाऱ्या 5 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर पोहोचल्या. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अनुभव सांगतो की, गावातलेच लोक सतत बोलत राहिले तर सवय बदलते. खाण्याच्या सवयीला लाजेचे कुंपण तरी नाही.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. वर्धा जिल्हा परिषदेने आणि सेवाग्रामच्या संस्थेने मिळून पहिल्या पंधरवड्यात एक काम हाती घ्यावे. 2008 च्या अभ्यासातल्या त्याच 31 शाळा आणि त्यांच्या जोडीला आंजी केंद्राच्या सर्व शाळा, यांतील मुलांची उंची आणि वजन नीट मोजून निकाल जाहीर करावा. दर तीन वर्षांनी हीच मोजणी पुन्हा करावी. आंजीच्या ग्रामसभेने शाळेच्या फाटकाचा, परसबागेचा आणि मैदानाचा ठराव त्याआधीच करून ठेवावा. त्यासाठी मुंबईच्या किंवा दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.